बिल कुणाच्या नावावर?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीची सभा झाली. विषय दोनच होते. मागच्या वस्तीला नळ द्यायचा तर पाइपलाइन आमच्या कुंपणाच्या कडेने न्यावी लागणार होती. तिला संमती द्यायची की नाही, हा पहिला. टँकर वाढवायचे, हा दुसरा. पहिल्या विषयावर कुणीतरी सहज बोलून गेलं, ‘‘अहो, पाणी हा त्यांचा हक्कच आहे.’’ त्यावर आमच्या मजल्यावरचे काका उठले. निवृत्त अभियंते. आयुष्य पंप आणि पाइप यांत गेलेलं, बोलणं तोलूनमापून. ‘‘हक्क ठरावात लिहिता येतो,’’ ते म्हणाले, ‘‘पंप ठरावावर चालत नाही. बिल कोण भरणार ते आधी सांगा. पैसे नसलेल्या देशाने हक्क वाटायचे म्हणजे खात्यात शिल्लक नसताना चेक फाडायचे.’’ टाळ्या पडल्या. पाइपलाइनचा विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

काकांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यांच्याहून मोठ्या माणसांनी मोठ्या जागी तेच मांडलेलं आहे. मॉरिस क्रॅन्स्टन या ब्रिटिश विचारवंताने १९६० च्या दशकात लिहिलं, की जे देणं शक्यच नाही त्याला हक्क म्हणू नये. तत्त्वज्ञ ओनोरा ओ’नील यांनी तीच सुरी आणखी परजली: हक्क पुरवायचं काम नेमकं कुणाचं, हेच ठरलेलं नसेल तर तो हक्क ही गरिबाची चेष्टा ठरते. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलिव्हियाने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचा ठराव आणला. १२२ देश बाजूने, विरोधात एकही नाही, आणि ४१ तटस्थ. तटस्थांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान होते. केनिया, इथिओपिया आणि झांबियाही होते. भारताने बाजूने मत दिलं. परदेशात हात वर करायला काय जातं म्हणा! घरी काय झालं? २०१५ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्य हा कायदेशीर हक्क करण्याची चर्चा होती. २०१७ मध्ये अंतिम धोरण आलं, त्यातून ती गळाली. कारण काकांचंच: आधी पैसा आणि व्यवस्था, हक्क मागाहून.

तेव्हा उत्तर काकांना देतोय, पण ते जरा मोठ्या आवाजात.

काकांच्या प्रश्नात एक गृहीतक लपलेलं आहे. आज बिल कुणीच भरत नाही, हक्क दिला की ते नव्याने तयार होईल, असं ते धरून चालतात. हेच मुळात खोटं आहे. बिल आजही येतं आणि भरलंही जातं. फक्त ते ज्याच्या नावावर फाडलं जातं, त्याला सभेत बोलायला जागा नसते.

मुंबईच घ्या. १ जानेवारी २००० नंतर उभ्या राहिलेल्या झोपडीला अधिकृत जोडणी द्यायची नाही, असं महापालिकेचं धोरण कित्येक वर्षं होतं. झोपडी बेकायदा, म्हणून तहानही बेकायदा. मग त्या झोपड्यांतली माणसं पाणी प्यायची थांबली का? ती विकत घेत राहिली. हातगाडीवाल्याकडून, गल्लीच्या तोंडाशी मोटार लावून बसलेल्याकडून, जोडणी असलेल्या शेजाऱ्याकडून. झोपडपट्टीतल्या अधिकृत जोडणीला पालिकेचा दर हजार लिटरला पाच-सहा रुपयांच्या आसपास. आणि वीस लिटरचा कॅन दहा रुपयांना घेतला तर हजार लिटरचे होतात पाचशे. म्हणजे ऐंशी ते शंभर पट. अभियंत्याला गुणाकार मी शिकवायला नको. शहरातलं सर्वांत महाग पाणी पितो तो शहरातला सर्वांत गरीब माणूस, आणि त्यालाच आपण सांगतो की बाबा रे, तुला पाणी देणं आम्हाला परवडत नाही.

‘पाणी हक्क समिती’ हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. गडकरी यांच्या खंडपीठाने निकाल दिला: राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात पाणी येतं, आणि झोपडी बेकायदा आहे एवढ्या कारणाने ते पूर्णपणे नाकारता येणार नाही. काका, या निकालात मला सर्वांत काय आवडलं सांगू? त्याचा चिक्कूपणा. या लोकांना कायदेशीर घरांतल्या लोकांएवढंच पाणी द्या, असं न्यायालय म्हणालं नाही. घरोघरी नळ द्या, असंही नाही. सार्वजनिक नळखांब चालेल. दर जास्त लावला तरी चालेल. झोपडी त्यामुळे कायदेशीर होत नाही, हेही बजावलं. ‘हक्क म्हणजे फुकट’ हे जे भूत तुम्ही सभेत उभं केलंत, ते त्या निकालात कुठेच नाही. वस्तीतल्या बायकाही फुकट मागत नव्हत्या. त्या मीटर मागत होत्या. बिल मागत होत्या! आपल्या नावाचं पालिकेचं बिल हातात येणं ही त्यांच्यासाठी चैन होती.

निकालानंतर सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. पालिकेने धोरण केलं, त्यात पदपथावरचे, केंद्र सरकारच्या जमिनीवरचे असे कितीतरी लोक वगळले, उरलेल्यांना ना-हरकत दाखल्यांच्या मागे पळवलं. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण यायला २०२२ उजाडलं. आठ वर्षं. पण या आठ वर्षांत पालिकेला एक वाक्य उच्चारता येईनासं झालं: ‘तुमचा आमचा संबंध नाही.’ ते वाक्य बंद करणं एवढंच हक्काचं पहिलं काम असतं, आणि ते लहान नाही.

आता काका म्हणतील, पाणीच कमी आहे हो. तर जरा शहापूर तालुक्यात चला. तानसा, वैतरणा, भातसा, मुंबईची तहान भागवणारे जलाशय त्याच मुलखात आहेत. तिथून शंभरेक किलोमीटर पाणी पाइपांतून मुंबईला येतं, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर टँकर जातो. धरण उशाला, कोरड घशाला. ज्या व्यवस्थेला शंभर किलोमीटरचा पाइप परवडतो, तिला धरणाशेजारच्या पाड्यावर नळ परवडत नाही, हे मी कसं मानू? इथे गरिबी आडवी आलेली नाही. रांगेत कुणाचा नंबर कितवा, हे कुणीतरी ठरवलेलं आहे.

आणि बिल नेहमी पैशांतच भरलं जातं असंही नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची गोष्ट आता महाराष्ट्राला ठाऊक आहे. ठाऊक होऊन आपण ती विसरलोही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडालीच, वर दंड. फडाशेजारच्या कोपीला ना संडास, ना मोरी, ना नळ. पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, अंगावरून जायला लागलं तर दाखवायला जवळ सरकारी डॉक्टर नाही. मग गावाकडे परतल्यावर खाजगी दवाखाना, आणि तिथला रामबाण सल्ला: पिशवी काढून टाका. राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे २०१९ मध्ये आलेली पाहणी सांगते, की जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. कितीतरी जणी पस्तिशीच्या आतल्या. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतूनच. काका, एक नळ, एक संडास आणि आठवड्याला फडावर येणारी एक परिचारिका यांचा खर्च काढा, आणि दुसऱ्या रकान्यात हे मांडा. बेरीज करून मगच सांगा, काय परवडत नाही ते.

यावर दुसरी फळी पुढे येते. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही. थोडे तरी पैसे घ्या, म्हणजे लोक जपून वापरतील. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, कारण आपण ते लहानपणापासून ऐकत आलोय. जगातल्या गरीब देशांवर हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून झालेला आहे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेने आफ्रिकी देशांना सरकारी दवाखान्यांत शुल्क लावण्याचा सल्ला दिला, आणि कर्जापायी वाकलेल्या देशांनी तो मानला. युगांडाने २००१ मध्ये ते शुल्क रद्द केलं तेव्हा दवाखान्यांत येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. म्हणजे मधल्या काळात लोक आजारी पडत नव्हते असं नाही. ते घरात पडून होते.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांताची गोष्ट तर शाळेत शिकवावी अशी आहे. एम्पांगेनी शहराजवळच्या वस्त्यांत लोकांना फुकट मिळणाऱ्या पाण्याला पैसे लागू केले. आधी पैसे भरा, मग नळ सुटेल. ज्यांच्याकडे ते नव्हते ते पूर्वीसारखे नदीवर गेले. ऑगस्ट २००० मध्ये तिथे कॉलरा सुरू झाला आणि प्रांतभर पसरला. दीड-दोन वर्षांत लाखाहून जास्त लोकांना लागण झाली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. सलाइन, तंबूतले दवाखाने, टँकर, सगळं शेवटी सरकारलाच करावं लागलं. नळावर वाचवलेली चिल्लर दवाखान्यात नोटांनी मोजली. त्यानंतर त्या देशाने प्रत्येक कुटुंबाला महिन्याला सहा हजार लिटर पाणी फुकट देण्याचं धोरण आणलं. त्याला उधळपट्टी म्हणणाऱ्याने आधी कॉलऱ्याचा जमाखर्च पाहावा.

केनियातही तसंच. जेसिका कोहेन आणि पास्कलिन दुपा या दोन अर्थतज्ज्ञांनी गरोदर बायकांना औषध मारलेल्या मच्छरदाण्या देऊन पाहिल्या, काही दवाखान्यांत फुकट, काही ठिकाणी अल्प किमतीला. किंमत शून्यावरून साठ सेंटवर नेली तर घेणाऱ्यांचं प्रमाण साठ टक्क्यांच्या फरकाने घसरतं, असं त्यांना दिसलं. आणि पैसे मोजून घेतलेल्या बाईने ती जास्त वापरली म्हणावं, तर तेही नाही. फुकट घेणारीही मच्छरदाणी लावूनच झोपत होती. का झोपणार नाही? हिवताप काही पावती बघून येत नाही. काका, तुम्हालाही निवृत्तीनंतर सरकारी योजनेतून रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात. तुम्ही त्या कुंडीत टाकता का?

आता मूळ मुद्दा, पैसे कुठून आणायचे. काही हक्कांना पैसे लागतात आणि काहींना लागत नाहीत, ही विभागणीच मला पटत नाही. मालमत्तेचा हक्क फुकट चालतो म्हणता? काकांची गावाकडे चार एकर आहे. तिचा सातबारा ठेवायला तलाठी लागतो, हद्द दाखवायला भूमापनवाला, खरेदीखताला नोंदणी कार्यालय, भाऊबंदांनी बांध कोरला तर पोलीस, आणि पुढे वीस वर्षं दिवाणी न्यायालय. या सगळ्यांचा पगार बिनजमिनीच्या माणसाने काडेपेटीवर भरलेल्या करातूनही जातो. त्या हक्काबद्दल ‘आधी पैसे आणा, मग हक्क’ असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

‘तिजोरीत पैसे नाहीत’ हा बचाव आपल्याकडे न्यायालयात नापास होऊनही जमाना झाला. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी तक्रार केली होती, की वस्तीत उघडी गटारं वाहतात, संडास नाहीत, मद्य कारखान्याचं घाण पाणी दारात येतं. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे निधी नाही. १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी सुनावलं, की लोकांचं आरोग्य राखणं हे नगरपालिकेचं कायद्याने ठरलेलं काम आहे, आणि पैसे नाहीत म्हणून त्यातून सुटका नाही. याला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. तरी सभेसभेत तेच वाक्य नव्याने सुचल्यासारखं उच्चारलं जातं.

आणि ‘आधी श्रीमंत व्हा’ म्हणणाऱ्यांनी थायलंडकडे बघायला हरकत नाही. १९९७ च्या आर्थिक अरिष्टात त्या देशाचं कंबरडं मोडलं होतं. २००१-०२ मध्ये दरडोई उत्पन्न वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास. त्या अवस्थेत त्यांनी सर्वांसाठी आरोग्याचा कायदा केला. त्याआधी नागरी संघटनांनी पन्नास हजारांहून जास्त सह्या गोळा करून स्वतःचा मसुदा मांडला होता. सुरुवातीला दर भेटीला तीस बाट, पुढे २००६ मध्ये तेही माफ. २००८ पासून डायलिसिसही त्यात आलं. सगळं गोड नव्हतं. सरकारी रुग्णालयं तोट्यात गेली, डॉक्टर खाजगीत पळाले, रांगा वाढल्या. पण रांग वाढते ती माणसं दवाखान्यापर्यंत पोचतात म्हणून. आमच्या २०१७ च्या धोरणाने हक्क वगळताना सबब पैशाची दिली आणि त्याच धोरणात शब्द दिला, की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात तो १.८४ टक्के होता, आणि ते वर्ष तर कोविडचं होतं. एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेले. ‘आधी पैसा, मग हक्क’ या क्रमात पैसाही येत नाही, कारण तो आणला नाही म्हणून विचारणारा कुणी नसतो. घोडं टांग्याला जोडायचंच नाही, आणि टांगा हलत नाही म्हणून उसासे टाकायचे.

मग ‘हक्क म्हटला की उद्या प्रत्येकजण हृदय बदलून मागेल’ ही भीती. हिलाही दक्षिण आफ्रिकेने उत्तर दिलेलं आहे, आणि तिथली राज्यघटना आरोग्यसेवा आणि पाण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत देते, म्हणून ते उत्तर महत्त्वाचं. १९९७ मध्ये दर्बानचा एक मूत्रपिंडाचा रुग्ण डायलिसिस मागत घटनात्मक न्यायालयात गेला. न्यायालयाने नाही म्हटलं: यंत्रं कमी आहेत, रुग्णालयाने ठरवलेले निकष वाजवी आहेत. तो माणूस काही दिवसांत वारला. वाचताना घशाशी येतं. पण हक्क आंधळा नसतो, हे तरी त्यातून कळतं. पाच वर्षांनी त्याच न्यायालयासमोर ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ ही संघटना आली. बाळंतपणात आईकडून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून नेव्हिरापिन हे औषध. कंपनी ते पाच वर्षं सरकारला मोफत द्यायला तयार होती. तरी सरकार ते प्रत्येक प्रांतातल्या दोन-दोन केंद्रांपलीकडे जाऊ देईना. जुलै २००२ मध्ये न्यायालयाने आदेश दिला: अडवणूक उठवा. काका, इथे बिल नव्हतंच! चेक नाही, शिल्लक नाही, काही नाही. औषध फुकट होतं आणि बाळं मरत होती. हक्क नसता तर ‘का?’ हा प्रश्न तरी कुणी कुणाला विचारला असता?

तिसरा खटला आमच्या बाजूचे लोक सहसा सांगत नाहीत, कारण तो आम्ही हरलो. सोवेटोतल्या फिरी वस्तीत प्रीपेड मीटर बसवले होते. महिन्याचं फुकट पाणी संपलं की नळ आपोआप बंद. रहिवाशांनी माणशी दिवसाला पन्नास लिटर मागितले. खालच्या न्यायालयात जिंकले, पण २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने निकाल फिरवला: किती लिटर हे ठरवणं आमचं काम नाही. हरलो, ठीक. पण त्याच निकालात न्यायालयाने नोंदवलंय, की खटला चालू असतानाच जोहान्सबर्ग शहराला आपलं धोरण पुन्हा पुन्हा तपासावं लागलं, आणि गरजूंसाठी ते सुधारावंही लागलं. शहराला शपथपत्र घालून सांगावं लागलं, की आम्ही एवढंच पाणी का देतो. गरिबासमोर शपथेवर बोलायची वेळ सत्तेवर एरवी कधी येते?

ओ’नील बाईंना माझं उत्तर हेच आहे. तुमचं बरोबर आहे: कुणी बांधील नसेल तर हक्क पोकळ. म्हणूनच तो नुसता जाहीरनाम्यात ठेवायचा नाही, कायद्यात आणायचा. बांधील माणूस आकाशातून पडत नाही. त्याला नोटीस बजावून शोधावं लागतं.

आमच्या बाजूच्या भाबडेपणाबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हा वाद एकतर्फी होईल. कोचाबांबाची कहाणी आम्ही किती वेळा सांगितली! बोलिव्हियातल्या या शहराचं पाणी १९९९ मध्ये बेक्टेल या अमेरिकी कंपनीचा सहभाग असलेल्या समूहाला दिलं, बिलं भडकली, लोक रस्त्यावर आले, एप्रिल २००० मध्ये सतरा वर्षांचा एक मुलगा गोळीने मेला आणि सरकारला करार रद्द करावा लागला. कंपनीने आंतरराष्ट्रीय लवादात कोट्यवधी डॉलरची भरपाई मागितली, आणि जगभर छीथू झाल्यावर २००६ मध्ये नाममात्र दोन बोलिव्हियानोवर दावा सोडला. इथे आम्ही टाळ्या घेतो आणि पडदा पाडतो. पडद्यामागे काय, तर शहराच्या दक्षिणेकडच्या गरीब वस्त्या नंतरही कितीतरी वर्षं टँकरवाल्याकडूनच महाग पाणी घेत राहिल्या. सार्वजनिक कंपनी परत आली, पाइप आले नाहीत. ज्या देशाने जगाला ठराव दिला, त्या देशातली ही गोष्ट आहे. कंपनीला हाकललं म्हणजे हक्क मिळाला, असं समजणारे आमचे कार्यकर्ते आणि मीटर बसवला म्हणजे पाणी आलं, असं समजणारे काका, दोघांनीही नळ उघडून पाहिलेला नसतो.

पण ‘कागदी हक्क’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं मराठीत तरी चालू नये. महाड म्हटलं की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो, ओंजळ आठवते. त्याआधीचे कागद आठवत नाहीत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं तो दप्तरात पडून राहिला, कारण तळ्यावर जायची कुणाची छाती नव्हती. काका तेव्हा असते तर म्हणाले असते, ठराव करून काय उपयोग? उपयोग हा, की बाबासाहेब तळ्यावर गेले ते याचक म्हणून नव्हे, नगरपालिकेने आधीच मान्य केलेलं वापरायला. विरोधकांना दिवाणी दावा लावावा लागला, तळं फक्त आपलं असल्याची पूर्वापार रूढी सिद्ध करण्याचं ओझं त्यांच्यावर आलं, आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात ती त्यांना सिद्ध करता आली नाही. दहा वर्षं लागली, हे मी लपवत नाही. पण कागदाविना तो दावा उलट दिशेने लढावा लागला असता.

कागद नसेल, किंवा कागद असून न्यायालय नसेल, तर काय होतं? २०१० चीच गोष्ट. जुलैत न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हक्काचा तो ठराव झाला. ऑक्टोबरात हैतीत कॉलरा आला, जिथे माणसांच्या आठवणीत तो कधी नव्हता. तो आला संयुक्त राष्ट्रांच्याच शांतिसैनिकांच्या तळावरून. तिथला मैला ओढ्यात आणि ओढ्यातून आर्तिबोनित नदीत गेला, आणि नदीचं पाणी लोक पीत होते. आठ लाखांहून अधिक लोकांना लागण झाली, दहा हजारांच्या आसपास मेले. पीडितांनी भरपाई मागितली तेव्हा संघटना म्हणाली, आम्हाला कायदेशीर संरक्षण आहे. अमेरिकी न्यायालयांनीही ते मान्य केलं. संघटनेचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये, आणि तीही नैतिक जबाबदारीची. चाळीस कोटी डॉलरचा निधी जाहीर झाला. जमा झाले ते त्यातले जेमतेम काही टक्के. मधली सहा वर्षं बिल भरत होती आर्तिबोनितच्या काठावरची माणसं. काका, बिल कोण भरणार हा तुमचा प्रश्न विचारायची खरी जागा ती होती. तिथे तो विचारायचा हक्क कुणाकडे नव्हता.

सोसायटीच्या त्या सभेचं सांगायचं राहिलं. पाइपलाइन बारगळल्यावर टँकरचा विषय पाच मिनिटांत संपला. रोज दोन टँकर, खर्च प्रत्येक फ्लॅटमागे सारखा. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींनी हात वर केला. म्हणाल्या, मला दिवसाला चार बादल्या पुरतात. वरच्या मजल्यावर सहा माणसं आणि बाथटब, मग मी तेवढेच पैसे का भरायचे? क्षणभर सभा गप्प झाली. मग काकाच उठले, आजींच्या खुर्चीपाशी गेले आणि अगदी मायेने म्हणाले, ‘‘आजी, पाणी आहे ते. त्यात असा माणशी हिशेब करायचा नसतो.’’